स्कली नेमकी कुठे बदलते? अतिमानवी गुन्हेकथेच्या एका भागातली पात्रघडण

अतिमानवी गुन्हेकथांच्या मालिकेत दर आठवड्याला कुणीतरी मरतं किंवा नाहीसं होतं, बुद्धीला न पटणारं काहीतरी घडतं आणि पाऊण तासात फाइल बंद होते. या धावपळीत मुख्य पात्राच्या आत काही हललं का, हे प्रेक्षकाला बरेचदा सांगता येत नाही. 'यात तिच्या पात्राला खूप वाव होता' असं आपण म्हणतो, पण वाव म्हणजे काय ते पकडता येत नाही. रडणं, जुनी जखम उघड करणं, मित्रावर ओरडणं ही सगळी भावनांची दृश्यं झाली. ती संपल्यावर पात्र होतं तिथेच असेल, तर घडण झालेली नाही.

हे समजून घ्यायला एकच भाग नीट उलगडून पाहावा. त्यासाठी 'द एक्स-फाइल्स'च्या पहिल्या सीझनचा तेरावा भाग, 'बियाँड द सी', याच्याइतका चांगला नमुना क्वचितच मिळेल. तो अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर 7 जानेवारी 1994 रोजी दाखवला गेला. लेखन ग्लेन मॉर्गन आणि जेम्स वाँग यांचं, दिग्दर्शन डेव्हिड नटर यांचं. पुढे शेवटापर्यंतचं कथानक उघड केलं आहे; ज्यांना आधी भाग पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावं.

मालिकेची मूळ मांडणी थोडक्यात अशी. एफबीआयमध्ये दोन अधिकारी आहेत. फॉक्स मल्डर परग्रहवासी, भुतंखेतं, अतींद्रिय शक्ती या सगळ्यांवर विश्वास ठेवायला तयार असतो. डेना स्कली डॉक्टर आहे, विज्ञान मानते आणि प्रत्येक गोष्टीला पुरावा मागते. दोघांच्या वादावर मालिका चालते. आणि अडचणही तिथेच आहे. तो वाद कधीच मिटू शकत नाही. स्कलीला एका भागात पूर्ण खात्री पटली, तर पुढच्या आठवड्यात ती मल्डरशी कशावरून भांडणार? त्या काळी अमेरिकी वाहिन्यांवरच्या अशा मालिकांचे बहुतेक भाग सुटे, स्वतंत्र असत. एखादा भाग चुकलेल्या प्रेक्षकालाही पुढचा कळला पाहिजे, पुनःप्रक्षेपणात भाग मागेपुढे झाले तरी चाललं पाहिजे, ही व्यवहाराची गरज होती. म्हणजे लेखकापुढचा पेच असा: पात्राला खोलवर हलवायचं, पण शेवटी जवळजवळ त्याच जागी आणून ठेवायचं.

'बियाँड द सी'ने यावर शोधलेला तोडगा मला या प्रकारातला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो. स्कलीचं मत भागाच्या सुरुवातीला जे असतं, तेच शेवटी राहतं. ती अतिमानवी गोष्टी मान्य करत नाही. बदलतो तो त्या मताचा पाया. सुरुवातीला ती मानत नाही कारण पुरावा नाही. शेवटी ती मानत नाही कारण तिला मानायची भीती वाटते, आणि ही भीती ती स्वतःच्या तोंडाने कबूल करते. बाहेरून तीच स्कली, आतून वेगळी. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा पुरावा मागेल, पण आता तो प्रश्न ऐकताना प्रेक्षकाला त्यामागचं माणूस दिसेल.

आता हे घडवलं कसं, ते क्रमाने पाहू.

भागाच्या आरंभी, शीर्षकाच्याही आधी, एक छोटा प्रवेश असतो. पटकथेच्या भाषेत त्याला टीझर म्हणतात. स्कलीचे आईवडील तिच्या घरी जेवायला आले होते, आता निघाले आहेत. वडील नौदलातले अधिकारी. मुलीने वैद्यकीय व्यवसाय सोडून एफबीआय धरली हे त्यांना रुचलेलं नाही, आणि बापलेकीत प्रेम असूनही कामाचा विषय आला की बोलणं आखडतं. लहानपणापासून ती त्यांना 'अहॅब' म्हणते, ते तिला 'स्टारबक'; 'मोबी डिक' कादंबरीतल्या जहाजाच्या कप्तानाची आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची ही नावं. ते गेल्यावर तिला सोफ्यावर झोप लागते. जाग येते तेव्हा वडील समोरच्या खुर्चीत बसलेले दिसतात. ओठ हलताहेत, आवाज नाही. तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडे आई आहे: वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

इथे घटनांच्या क्रमाकडे लक्ष द्या. आधी दर्शन, मग फोन. हेच उलटं असतं, म्हणजे आधी बातमी आणि नंतर दर्शन, तर 'दुःखाने भास झाला' असं सोपं उत्तर प्रेक्षकाने लगेच काढलं असतं. बातमी येण्याआधीच ते दिसल्यामुळे स्कलीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, पण स्पष्टीकरण नसलेली एक गोष्ट जमा होते. दुसरी बाब, वडील बोलतात पण ऐकू येत नाही. त्या क्षणी संपूर्ण भागाचं इंधन भरलं जातं. ते काय सांगत होते? आणि त्याच्याही आत दडलेला खरा प्रश्न: त्यांना माझा अभिमान होता का? अस्थी समुद्रात सोडल्या जातात त्या प्रसंगी स्कली हे आईला विचारतेही. आई सरळ होकार देत नाही, ते तुझे वडील होते, एवढंच सांगते. हे वाक्य लक्षात ठेवायचं आहे.

गुन्ह्याचं कथानक यानंतर सुरू होतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहरात कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुण जोडप्याचं अपहरण झालं आहे. मृत्युदंडाची वाट पाहणारा ल्यूथर ली बॉग्ज नावाचा खुनी म्हणतो, मला अतींद्रिय शक्तीने ती मुलं दिसतात. माझी फाशी टाळून जन्मठेप द्या, मी पत्ता सांगतो. (शिक्षा खरं तर विषारी वायूच्या कोठडीची आहे, पण बोलीत आपण फाशीच म्हणतो.) अपहरणकर्ता त्या दोघांना फार दिवस जिवंत ठेवणार नाही, त्यामुळे घड्याळ चालू आहे. बॉग्जची भूमिका ब्रॅड डूरिफ यांनी केली आहे, आणि ती इतकी धारदार आहे की कमी ताकदीची पटकथा असती तर त्याने अख्खा भाग खाऊन टाकला असता. तसं होत नाही, कारण बॉग्जची प्रत्येक खेळी स्कलीच्या दिशेने येते.

अशा भागांत तीन धागे असतात: गुन्हा, अतिमानवी गोष्ट आणि पात्राचं खाजगी दुःख. तीनही चांगले असूनही भाग फसतो तेव्हा बहुधा कारण एकच निघतं. धागे शेजारी शेजारी चालतात आणि एकमेकांना शिवत नाहीत. नायिका दिवसा खुनी शोधते, रात्री घरी येऊन वडिलांचा फोटो पाहते. दोन दृश्यांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही. इथे मात्र तिन्ही धाग्यांची गाठ एका माणसात आहे. मुलांचा पत्ता बॉग्जकडे, अतिमानवी शक्तीचा दावा बॉग्जचा, आणि वडिलांचा निरोप देऊ शकेन असं म्हणणाराही बॉग्जच. गुन्हा मुदत देतो, अतिमानवी गोष्ट आमिष देते, दुःख त्या आमिषाला धार देतं. आणि आमिष असं, की ते फक्त स्कलीलाच भुरळ घालू शकेल. दुसऱ्या कुठल्याही अधिकाऱ्यासमोर तोच बॉग्ज ठेवला, तर कथा चालणार नाही. पटकथा तपासताना ही कसोटी आधी लावावी: मुख्य पात्राच्या जागी दुसरं पात्र ठेवून पाहा. भाग तसाच उभा राहिला, तर त्यात त्या पात्राची घडण नाही.

यानंतरची खेळी भूमिकांच्या अदलाबदलीची. या भागात मल्डर विश्वास ठेवायला नकार देतो आणि स्कली डळमळते. नुसती गंमत म्हणून अदलाबदल करणारे भाग पुष्कळ सापडतात आणि ते खोटे वाटतात, कारण उलटण्यामागे कारण नसतं. इथे कारण भूतकाळात आहे. मल्डरने पूर्वी केलेल्या गुन्हेगाराच्या मानसिक रेखाटनामुळेच बॉग्ज पकडला गेला होता. तो या माणसाला आतून ओळखतो. लोकांच्या दुखऱ्या जागा शोधून त्यांच्याशी खेळणं हा बॉग्जचा स्वभाव आहे हे त्याला माहीत आहे. म्हणून सगळ्यांवर विश्वास ठेवणारा माणूस नेमका याच्यावर ठेवत नाही. मल्डर यात स्वभावाविरुद्ध वागत नाही, उलट त्याच्या स्वभावाची एक नवी बाजू दिसते.

पुरावे दोन्ही बाजूंना कसे विभागले आहेत तेही पाहण्यासारखं आहे. मल्डर बॉग्जला कापडाचा एक तुकडा देतो, जणू तो गुन्ह्याच्या जागी सापडलेला आहे. बॉग्ज तो हातात घेऊन अंगात आल्यासारखं करतो आणि काहीबाही पाहिल्याचं सांगतो. मग मल्डर उघड करतो, की तुकडा त्याच्याच टी-शर्टचा आहे. बॉग्ज भोंदू ठरला. प्रेक्षक निश्चिंत होतो न होतो तोच, स्कली कोठडीतून निघताना बॉग्ज तिच्या आईवडिलांच्या आठवणीतलं, वडिलांच्या अंत्यविधीला वाजलेलं गाणं गुणगुणतो आणि तिला 'स्टारबक' म्हणतो. त्या क्षणी तिला त्याच्या जागी वडील दिसतात.

म्हणजे एक वजन या पारड्यात, लगेच दुसरं त्या पारड्यात. पुढेही हाच हिशेब चालू राहतो. बॉग्जने सांगितलेल्या खुणा, दगडी देवदूत आणि धबधबा, स्कलीला रस्त्यात खरोखर दिसतात आणि तिथे पुरावाही सापडतो. पण अपहरणकर्ता ल्यूकस हेन्री हा बॉग्जचा जुना साथीदार आहे, तेव्हा दोघांचं संगनमत असू शकतं. बॉग्ज पांढऱ्या क्रुसाजवळ रक्त सांडेल असा इशारा देतो आणि मल्डरला गोळी लागते. शेवटपर्यंत दोन्ही पारडी जवळपास सारखी राहतात. लिहिताना याचा सरळ हिशेब ठेवता येतो: शक्ती खरी असल्याचे दोन-तीन संकेत, खोटी असल्याचे तितकेच, आणि एकाच बाजूचे दोन संकेत शक्यतो लागोपाठ नकोत. एका बाजूला पुराव्यांचा ढीग झाला, की पात्रापुढे निवड उरत नाही. सूर्य दिसत असताना सूर्य मानण्यात कसला आलाय निर्णय?

अतिमानवी मालिकांतल्या संशयी पात्राचं सर्वांत मोठं नुकसान याच चुकीने होतं. दर आठवड्याला भूत खरं निघतं आणि तरी हे पात्र 'भूत नसतं' म्हणत राहतं. दहाव्या भागापर्यंत ते हुशार वाटेनासं होतं, आडमुठं वाटू लागतं. यावर उपाय दोन. एक तर पुरावा कधीच पूर्ण मिळू द्यायचा नाही, किंवा संशयामागे पुराव्याखेरीज दुसरं, माणसाचं कारण ठेवायचं. 'बियाँड द सी'ने दोन्ही केलं, आणि त्यामुळे स्कलीचा संशय पुढची अनेक वर्षं टिकू शकला.

मल्डर जखमी होऊन रुग्णालयात जातो. पटकथेच्या दृष्टीने ही अत्यंत आवश्यक खेळी आहे, कारण जोडीदार शेजारी असेपर्यंत मुख्य पात्र आपला निर्णय वाटून घेऊ शकतं. तो दूर झाला की निर्णय पूर्णपणे तिचा. स्कली संतापून बॉग्जकडे जाते, त्याला धमकावते. तोवर दाबलेलं सगळं तिथे बाहेर येतं. लक्षात घ्या, एवढं मोठं भावनिक दृश्य असूनही बदल इथे होत नाही. इथे फक्त झाकण उडतं. पुष्कळ पटकथा याच दृश्याला शिखर समजतात आणि उरलेला वेळ पाठलागात घालवतात.

पुढे स्कली शिक्षा कमी करण्याचा सौदा मंजूर झाल्याची बतावणी करते. बॉग्ज ती ओळखतो, आणि तरीही हेन्री लपला आहे त्या बिअरच्या कारखान्याचा पत्ता देतो. सोबत एक इशारा: हेन्रीच्या मागे सैतानापर्यंत जाऊ नकोस. ती जाते, जोडप्यातल्या मुलाला सोडवते (मुलगी आधीच सुटलेली असते), हेन्रीच्या मागे धावते. समोर कारखान्याचं चिन्ह, निळा सैतान, दिसतो आणि ती थांबते. हेन्री पुढे जातो, पायाखालची फळी तुटते, तो पडून मरतो. स्कलीने तोंडाने काहीही मान्य केलेलं नाही, पण तिचे पाय थांबले. विश्वास आधी कृतीत आला, शब्दांत अजून आलेला नाही. संवादातून बदल सांगण्याऐवजी तो शरीरातून दाखवणं म्हणजे काय, याचं हे स्वच्छ उदाहरण आहे.

इथे गुन्हा संपला. पात्राची गोष्ट अजून शिल्लक आहे, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. शिक्षेच्या वेळी साक्षीदार म्हणून हजर राहिलीस तर वडिलांचा निरोप देईन, असं बॉग्जने तिला सांगितलेलं असतं. आता मुदत नाही, कुणाचा जीव धोक्यात नाही, कामाचं निमित्त नाही. गेली तर केवळ स्वतःसाठी. ज्या प्रश्नाने सगळा भाग ओढत आणला, त्याचं उत्तर एका खोलीच्या अंतरावर आहे.

ती जात नाही. ती मल्डरच्या खाटेशी बसते.

हाच तो निर्णय. यात ती काहीतरी मिळवते आणि त्याहून मोठं काहीतरी सोडून देते. घडण मोजायचं माप हेच धरावं: पात्राला हव्या असलेल्या दोन गोष्टी समोर आहेत, एकच मिळणार आहे, आणि ते कुठली सोडतं? नको असलेली गोष्ट सोडण्यातून काही कळत नाही.

त्या शेवटच्या दृश्यात स्कली आधी सगळ्याचं तर्कशुद्ध स्पष्टीकरण देते. बॉग्जने माझी माहिती काढली असेल, हेन्रीशी त्याचा संपर्क असेल, दर्शनं दुःखामुळे झाली असतील. एका दमात जुनी स्कली परत आलेली दिसते. मग मल्डर विचारतो, एवढं पाहूनही तुला विश्वास का ठेवता येत नाही? आणि ती भीतीची कबुली देते. वडिलांना काय सांगायचं होतं हे कधीच न कळण्याची किंमत मोजूनही? तर ती म्हणते, मला ते माहीत आहे. कसं, याचं उत्तर म्हणून ती आईचेच शब्द स्वतःच्या तोंडून उच्चारते: ते माझे वडील होते. आईने म्हटलं तेव्हा ते वाक्य अपुरं, जवळजवळ टाळाटाळीचं वाटलं होतं. आता तेच पूर्ण उत्तर आहे. वाक्य जसंच्या तसं, त्यातला आशय बदललेला. पेरणीपासून कापणीपर्यंत मध्ये जवळजवळ अख्खा भाग गेला आहे. त्या दरम्यान हे वाक्य कुणी उच्चारत नाही, हे फार महत्त्वाचं. एकदा मध्येच आठवण करून दिली असती, तर शेवट आधीच ओळखू आला असता.

असा भाग लिहायचा असेल, तर शेवटाकडून सुरुवात करणं सोपं जातं. पहिल्यांदा तो निर्णय ठरवा, एका ओळीत: पात्र अमुक सोडून तमुक निवडतं. मग त्या सोडलेल्या गोष्टीची ओढ टीझरमध्येच एका न सुटलेल्या प्रश्नातून पेरा. प्रश्न एकच हवा, दोन झाले की शेवटी कुठल्याचं उत्तर द्यायचं हा गोंधळ होतो. ती गोष्ट देऊ शकणारा माणूस किंवा शक्ती गुन्ह्याच्या केंद्रात आणा. त्यानंतर दोन्ही पारड्यांतले संकेत मांडा. जोडीदार निम्म्याहून थोडं पुढे गेल्यावर बाजूला काढा. फार लवकर काढला तर वाद घालायला कुणी उरत नाही, फार उशिरा काढला तर एकटेपणा जाणवायला वेळ मिळत नाही. गुन्हा आधी मिटवा, निर्णय त्यानंतर. आणि शेवटच्या दृश्यात पात्राला स्वतःच्या भावनेचं विवेचन करू देऊ नका. एखादी कबुली आणि एखादं परत आलेलं वाक्य पुरतं. मोठं स्वगत लिहायचा मोह झाला, तर आधीच्या दृश्यांत काहीतरी दाखवायचं राहून गेलं आहे असं समजावं आणि तिथे जाऊन दुरुस्ती करावी.

नुसतं पाहणाऱ्यासाठीही एक पद्धत उपयोगी पडते. भाग दुसऱ्यांदा पाहताना मुख्य पात्राचे फक्त निर्णय कागदावर लिहा. भावना नाही, संवाद नाही. पाऊण तासात सहा-सात मिळतील. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: टीझरमधल्या या माणसाने हाच निर्णय, याच कारणासाठी घेतला असता का? निर्णय किंवा कारण, दोन्हींपैकी काही वेगळं दिसलं, ती बदलाची जागा. सगळीकडे 'हो, असाच घेतला असता' असं उत्तर आलं, तर भाग कितीही थरारक असला तरी पात्र जागचं हललेलं नाही. याउलट एका भागात तीन-चार मोठे बदल सापडले, तर ते पुढच्या आठवड्यात पुसले जाण्याची शक्यता जास्त, कारण मालिका तेवढा भार पेलू शकत नाही.

पुसलं जाणं हा या प्रकाराला लागलेला जुना रोग आहे. वडील गेले, पुढच्या भागात त्याचा उल्लेखही नाही. सुट्या भागांच्या मालिकेत रोज उल्लेख करणं शक्यही नसतं. पण योग्य जागी एकदा खातं उघडलं तरी पुरतं. मॉर्गन आणि वाँग यांनीच लिहिलेला दुसऱ्या सीझनमधला 'वन ब्रेथ' हा भाग 11 नोव्हेंबर 1994 रोजी आला. त्यात स्कली बेशुद्ध आहे, जीवनमरणाच्या उंबरठ्यावर, आणि वडील पुन्हा दिसतात, तेच अभिनेते डॉन डेव्हिस, नौदलाच्या गणवेशात. यावेळी त्यांचे शब्द ऐकू येतात. ज्याने आधीचा भाग पाहिला नाही त्याला हे एक हळवं दृश्य वाटेल. ज्याने पाहिला, त्याला दहा महिन्यांपूर्वीचे ते मुके ओठ आठवतील. दोघांनाही कथा समजते, आणि सुट्या भागांच्या चौकटीत राहून सातत्य ठेवायचा मार्ग असा असतो.

स्कलीच्या मताची बाजू खरोखर बदलते ती आठव्या सीझनमध्ये, 2000 साली. मल्डर बेपत्ता होतो, जॉन डॉगेट हा नवा संशयी अधिकारी येतो, आणि न पटणाऱ्या शक्यता मांडण्याचं काम स्कलीवर येतं. पहिल्या डळमळीपासून इथवर जवळजवळ सात वर्षं गेली. हेच दुसऱ्या सीझनमध्ये केलं असतं तर मालिकेचा मूळ वाद संपला असता. कधीच केलं नसतं तर पात्र दगड झालं असतं. लांब मालिका लिहिणाऱ्यांनी म्हणून प्रत्येक मुख्य पात्राची एक छोटी नोंदवही ठेवावी: कुठल्या भागात मताचा पाया हलला, कुणासमोर हलला, आणि ती गोष्ट आणखी कोणाकोणाला माहीत आहे. शेवटचा रकाना भरायला लोक हमखास विसरतात. स्कलीची भीती मल्डरने ऐकली आहे, आईने नाही, वरिष्ठांनी नाही. त्यामुळे पुढच्या भागांत तिच्या संशयाला मल्डर जसं उत्तर देऊ शकतो, तसं दुसरं कुणीही देऊ शकत नाही.